वाख काढल्यावर उरलेले हेंप : अवशेषांतून उपयुक्त घटक वेगळे काढण्याची पहिली ओळख

हेंपच्या, म्हणजे धाग्यासाठी लावल्या जाणाऱ्या भांगेच्या जातीच्या वनस्पतीच्या, खोडातून वाख (सालीतला धागा) वेगळा काढल्यावर जे उरते, ते वजनाने वाखापेक्षा कितीतरी अधिक असते. वाळलेल्या खोडात वाखाचा वाटा साधारण २५ ते ३० टक्के धरला जातो. बाकीचा बहुतेक भाग म्हणजे आतल्या लाकडट गाभ्याच्या सणकाड्या आणि खोड यंत्रातून जाताना सुटणारी बारीक धूळ. याखेरीज कापणीच्या वेळी झडलेली किंवा छाटलेली पाने, शेंडे आणि फुलोरा असतो, जमिनीत राहिलेली मुळे असतात, आणि जेथे बीही घेतले जाते तेथे बियांची टरफले व तेल काढल्यानंतरची पेंड असते. या सगळ्याला सरसकट टाकाऊ म्हणण्याची सवय आपल्याला लागलेली आहे. रसायनाच्या दृष्टीने पाहिले तर हे पाच-सहा निरनिराळे कच्चे माल आहेत. एकात जे भरपूर आहे ते दुसऱ्यात जवळजवळ नसते, आणि एकाला मानवणारी पद्धत दुसऱ्याला लावली तर पदरी काहीच पडत नाही.

नव्याने या कामात उतरणारा माणूस बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो द्रावकाचा : अल्कोहोल वापरावे की पाणी, की आणखी काही? माझ्या मते हा प्रश्न चौथ्या क्रमांकावर यायला हवा. माल कोणत्या भागाचा आहे, कापल्यापासून त्याचे काय काय झाले आहे, आणि त्यातून नेमके काय हवे आहे, या तीन गोष्टी ठरल्या की द्रावक जवळजवळ आपोआप ठरते. प्रयोगशाळेतली साधी उपकरणे हाताळता येतात, पण वनस्पतीचा अर्क कधी काढलेला नाही, अशा वाचकासाठी पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : परवाना आणि टीएचसीचा हिशेब

धाग्यासाठी लावला जाणारा हेंप आणि नशेसाठी लावली जाणारी भांग या वनस्पतिशास्त्रानुसार एकाच जातीच्या, म्हणजे कॅनाबिस सटायव्हाच्या वनस्पती आहेत. फरक आहे तो वाणांचा आणि त्यांतील टीएचसी या मादक घटकाच्या प्रमाणाचा. अमेरिकेच्या २०१८ च्या शेती कायद्याने सुक्या वजनावर ०.३ टक्के ही मर्यादा घातली. युरोपीय संघात शेती अनुदानासाठी पात्र ठरणाऱ्या वाणांची मर्यादा २०२३ पासून ०.३ टक्के झाली. भारतात १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविषयक) कायद्याच्या कलम १४ खाली धागा किंवा बियांसाठी अशा लागवडीला सरकार परवानगी देऊ शकते. तेव्हा माल उचलण्याआधी आपल्याला लागू असलेला कायदा आणि परवान्यातील शब्द नीट वाचावेत. लागवडीचा परवाना म्हणजे अर्क काढण्याचा परवाना नव्हे, हे येथे विसरून चालत नाही.

कायद्याइतकाच महत्त्वाचा आहे तो साधा गुणाकार. समजा, पानांच्या भुकटीत टीएचसी ०.२ टक्के आहे. आपण असा अर्क काढला, की ज्यात भुकटीच्या वजनाचा फक्त दहावा हिस्सा उतरला, पण टीएचसी मात्र सगळे उतरले. तर त्या अर्कातील प्रमाण २ टक्के होते. शेतात कायदेशीर असलेला माल चंबूत उतरताच बेकायदा होऊ शकतो, तो असा. शिवाय झाडात हा घटक मुख्यतः टीएचसीए या आम्लाच्या रूपात असतो आणि उष्णता लागली की कार्बन डायऑक्साइड सोडून त्याचे टीएचसी होते. म्हणूनच तपासणी अहवालात 'एकूण टीएचसी' पाहावे. ते टीएचसीए गुणिले ०.८७७ अधिक मुळातले टीएचसी असे काढतात. प्रत्येक ढिगाचा आणि प्रत्येक अर्काचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एचपीएलसी (न तापवता द्रवरूपात घटक वेगळे करून मोजण्याची) पद्धतीने तपासून घेणे हा या कामातील खर्च आहे, आणि तो टाळण्याजोगा नाही. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना तापवला जात असल्यामुळे आम्लरूप व साधे रूप वेगळे दिसत नाही. त्यामुळे कोणत्या पद्धतीने तपासले ते अहवालावर लिहिलेले असावे.

या लेखात कॅनाबिनॉइड (टीएचसी ज्यात मोडते तो या वनस्पतीतील घटकांचा गट) गोळा करण्याची पद्धत दिलेली नाही. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अवशेषांत इतर उपयुक्त घटक पुरेसे आहेत आणि त्यांच्यावर हात बसवणे अधिक सुरक्षित आहे.

दुसरी पायरी : ढीग वेगळे करणे आणि त्यांचा इतिहास लिहून ठेवणे

अवशेष एकत्र आले की त्यांची किंमत जाते. पाने व फुलोऱ्याचा ढीग, सणकाड्यांचा ढीग, यंत्राखालच्या धुळीचा ढीग, टरफलांचा ढीग आणि मुळांचा ढीग असे वेगळे करावेत, आणि प्रत्येकावर वाणाचे नाव, शेताचा तुकडा, कापणीची तारीख व त्यानंतर माल कसा ठेवला ते लिहिलेली चिठ्ठी लावावी. फ्यूचुरा ७५ सारख्या वाणात मुख्य कॅनाबिनॉइड सीबीडी असते, तर सँथिका २७ हा वाण मुद्दाम सीबीजी या दुसऱ्या कॅनाबिनॉइडचे प्राधान्य असलेला म्हणून निवडलेला आहे. वाण माहीत नसेल तर पुढचा कोणताही अहवाल नीट वाचता येत नाही.

चिठ्ठीवर आणखी एक नोंद हवीच, ती कुजवणीची. वाख सुटा व्हावा म्हणून कापलेली खोडे दवावर किंवा पाण्यात कुजवतात. त्या काळात बुरशी आणि जिवाणू सालीतील पेक्टिन खातात, आणि त्याबरोबर पाण्यात विरघळणारे बहुतेक घटक धुऊन किंवा खाऊन संपतात. त्यामुळे कुजवलेल्या खोडाच्या धुळीत पॉलिफेनॉल (ऑक्सिडीकरण रोखणारे वनस्पतिज घटक) शोधणे व्यर्थ आहे. त्याच धुळीत खोडाच्या बाहेरील त्वचेवरचे मेण मात्र बरेचसे टिकलेले असते, कारण सूक्ष्मजीवांना ते सहज पचत नाही. कुजवणी न करता हिरवेच खोड यंत्रात घातले असेल तर गणित वेगळे होते. एकाच यंत्राखालून निघालेल्या दोन पोत्यांत इतका फरक असू शकतो, आणि डोळ्यांना दोन्ही पोती सारखीच राखाडी दिसतात.

जमिनीची चौकशीही याच टप्प्यावर करावी. हेंप जमिनीतील जड धातू, विशेषतः कॅडमियम, शोषून घेतो आणि पानांपर्यंत पोहोचवतो. त्याच्या या गुणामुळेच १९९० च्या दशकाच्या अखेरीस चेर्नोबिलच्या परिसरात दूषित जमीन स्वच्छ करण्यासाठी तो लावून पाहण्यात आला होता. कारखान्याशेजारच्या किंवा सांडपाण्यावरच्या शेतातील पाने अन्न, औषध वा सौंदर्यप्रसाधनाच्या कामासाठी घेऊ नयेत.

तिसरी पायरी : वाळवणे, दळणे आणि ओलावा मोजणे

ताज्या पाना-फुलोऱ्याचे दोन उपयोग आहेत आणि ते एकमेकांच्या आड येतात. सुगंधी तेल हवे असेल तर माल ताजाच वापरावा लागतो, कारण वाळताना मायर्सीन, पायनीन यांसारखे हलके टर्पीन उडून जातात. पॉलिफेनॉल हवे असतील तर माल लवकर वाळवावा लागतो, कारण ओल्या, चुरगळलेल्या पानांतील विकरे त्यांचे ऑक्सिडीकरण करतात आणि पाने तपकिरी पडतात. हिरव्या पानांचा ढीग रचून ठेवला तर काही तासांतच तो आतून गरम होऊ लागतो. हात घालून पाहिल्यावर ऊब जाणवली की त्या ढिगाचा दर्जा घसरू लागला आहे, असे समजावे.

पाने जाळीच्या तबकांवर, दोन बोटांपेक्षा जाड थर न लावता, सावलीत खेळत्या हवेवर वाळवावीत. वाळवणयंत्र असेल तर ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ नये. देठ वाकवल्यावर कट्कन मोडला म्हणजे माल तयार झाला. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आला नाही तर साठवणीत बुरशी येते, आणि बुरशीची काही विषे अर्कातही उतरतात.

दळण्यापूर्वी देठ आणि खोडाचे तुकडे निवडून काढावेत. हे काम कंटाळवाणे आहे खरे, परंतु ते टाळले तर त्यांतील वाख सुटून पात्यांच्या दांड्याभोवती दोऱ्यासारखा घट्ट गुंडाळला जातो, मोटर तापते आणि शेवटी यंत्र उघडून कात्रीने तो कापत बसावे लागते. भुकटी १ मिलिमीटर जाळीतून जाईल एवढीच बारीक करावी. मैद्यासारखी भुकटी केल्याने अर्क फारसा वाढत नाही. गाळणकागद मात्र लगेच तुंबतो.

धुळीबाबत सावध राहावे. कापूस, जवस आणि हेंप यांच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसांचा आजार जुना व चांगला परिचित आहे. १९६० च्या दशकात स्पेनमधील कायोसा दे सेगुरा येथील हेंप कामगारांवर त्याचा तपशीलवार अभ्यास झाला होता. शिवाय हवेत दाट उडालेली सुकी धूळ ठिणगीने भडकू शकते. चांगल्या प्रतीचा मुखवटा, धूळ ओढून घेणारा पंखा आणि ओल्या फडक्याने सफाई एवढे किमान हवेच.

ओलावा मोजण्यासाठी ५ ग्रॅम भुकटी वजन केलेल्या बशीत घेऊन १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवावी. घटलेले वजन म्हणजे ओलावा. (त्यात थोडे सुगंधी तेलही उडालेले असते, पण वाळलेल्या पानांत ते इतके कमी असते की या कामापुरते दुर्लक्ष करता येते.) पुढचे सगळे हिशेब सुक्या वजनावर करायचे असल्यामुळे हा आकडा वहीत पहिल्या ओळीत लिहावा.

चौथी पायरी : पानांतील पॉलिफेनॉलचा अर्क

सुरुवात करण्यासाठी याहून योग्य काम नाही. पानांमध्ये एपिजेनिन व ल्युटिओलिन यांची शर्करायुक्त रूपे, ओरिएन्टिन, व्हायटेक्सिन असे फ्लॅव्होनॉइड (पॉलिफेनॉलचाच एक गट) असतात. १९८५ साली मॅरिलिन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये या वनस्पतीतून कॅनफ्लॅविन वेगळे काढून ते दाहाशी संबंधित प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते असे दाखवले, तेव्हापासून या गटाकडे विशेष लक्ष गेले. कॅनफ्लॅविनचे प्रमाण फार थोडे असते आणि ते पाण्यापेक्षा अल्कोहोलात अधिक विरघळते, त्यामुळे पहिल्याच अर्कातून ते हाती लागेल अशी अपेक्षा ठेवू नये.

द्रावक म्हणून ५० टक्के इथेनॉल घ्यावे. निव्वळ पाण्याने प्रथिने व पिच्छिल शर्करा भरपूर येतात आणि अर्क गाळताच येत नाही. ९६ टक्के इथेनॉलने हरितद्रव्य, मेण व कॅनाबिनॉइड उतरतात आणि पॉलिफेनॉल उलट कमी मिळतात. दोहोंच्या मध्ये शर्करायुक्त फ्लॅव्होनॉइड चांगले सुटतात आणि कॅनाबिनॉइड बऱ्याच प्रमाणात चोथ्यातच राहतात. इथेनॉल शुद्ध, खाद्य किंवा औषधी दर्जाचेच असावे. मिथेनॉल मिसळलेले विकृत स्पिरिट अजिबात वापरू नये. ९६ टक्क्यांचे ५२० मिलिलिटर इथेनॉल मोजपात्रात घेऊन, ते मिश्रण १ लिटरच्या खुणेपर्यंत येईल एवढे ऊर्ध्वपातित पाणी घालावे. अल्कोहोल व पाणी एकत्र आल्यावर एकूण घनफळ थोडे आक्रसते आणि मिश्रण कोमट होते, म्हणून निवल्यावर पुन्हा खुणेपर्यंत पाणी घालावे.

आता २० ग्रॅम भुकटी झाकणाच्या किंवा कंडेन्सर जोडलेल्या चंबूत घेऊन तीत २०० मिलिलिटर द्रावक घालावे. चंबू ५० अंश सेल्सिअसच्या जलतापकात एक तास ठेवून मंद ढवळत राहावे. उघडी ज्योत खोलीत कोठेही नसावी : इथेनॉलची वाफ हवेत ३.३ ते १९ टक्के असताना स्फोटक होते, आणि ५० टक्के मिश्रणही साधारण २४ अंश सेल्सिअसला पेट घेण्याइतकी वाफ सोडते. म्हणजे साध्या खोलीच्या तापमानालाच धोका सुरू होतो. तापवण्यासाठी जलतापकच, आणि तोही ठिणगी न देणारा, वापरावा.

तासाभराने मिश्रण आधी मलमलीतून गाळावे, चोथा पिळावा, आणि त्यावर १०० मिलिलिटर ताजे द्रावक घालून अर्धा तास पुन्हा तीच कृती करावी. दुसऱ्या गाळणीत रंग स्पष्ट फिका दिसतो. तिसऱ्यांदा काढण्याने मिळणारे प्रमाण इतके कमी असते, की द्रावक उडवण्याचा त्रास त्यापेक्षा मोठा ठरतो. दोन्ही गाळण्या एकत्र करून फ्रिजमध्ये रात्रभर स्थिर ठेवाव्यात आणि वरचा भाग गाळणकागदातून हळू ओतावा.

यापुढची कृती नीट पाहण्यासारखी असते. रोटरी इव्हॅपोरेटरमध्ये (चंबू फिरवत कमी दाबाखाली द्रावक उडवून परत गोळा करणाऱ्या यंत्रात) ४० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाला, कमी दाबाखाली, अल्कोहोल उडू लागते. आरंभी द्रव गडद हिरवट आणि स्वच्छ असतो. अल्कोहोल निम्म्याहून अधिक गेले की तो अचानक गढूळ होतो, काचेच्या भिंतीवर काळपट हिरवी, चिकट साय धरते, आणि खाली राहणारे पाणी तपकिरी लालसर दिसू लागते. हरितद्रव्य, मेण आणि जे काही कॅनाबिनॉइड उतरले असतील ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे असे बाहेर पडतात. इथेच थांबून द्रव थंड करावा आणि पुन्हा गाळावा. कागदावर राहणारा तो चिकट गोळा नियंत्रित पदार्थाप्रमाणे हाताळावा. त्याची नोंद करून तो परवान्यातील अटींनुसार नष्ट करावा. कागदातून उतरलेला तपकिरी अर्क हे आपले उत्पादन.

रोटरी इव्हॅपोरेटर नसेल, तर उघड्या पातेल्यात अल्कोहोल उकळून उडवण्याचा विचार मनातूनही काढून टाकावा. अर्क द्रवरूपातच ठेवावा किंवा साध्या ऊर्ध्वपातन संचातून, जलतापकावर, अल्कोहोल परत गोळा करावे. परत मिळालेले इथेनॉल त्याच वाणाच्या पुढच्या खेपेस वापरता येते. त्याची टक्केवारी हायड्रोमीटरने पाहून घ्यावी.

आता उताऱ्याचा, म्हणजे मालातून किती घटक निघाले याचा, हिशेब. अल्कोहोल उडवण्याआधीच्या गाळलेल्या अर्कातून १० मिलिलिटर वजन केलेल्या बशीत घेऊन जलतापकावर, हुडखाली (वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटात), वाळवावा व मग भट्टीत वजन स्थिर करावे. समजा, ०.१२ ग्रॅम शिल्लक राहिले आणि एकूण अर्क २६० मिलिलिटर भरला होता. म्हणजे विरघळलेले एकूण घटक ३.१२ ग्रॅम झाले. भुकटीत ९ टक्के ओलावा असेल तर २० ग्रॅमचे सुके वजन १८.२ ग्रॅम, आणि उतारा सुमारे १७ टक्के. यातील सगळे पॉलिफेनॉल नव्हेत. साखर, क्षार, सेंद्रिय आम्ले यांचाच वाटा बहुधा मोठा असतो.

पॉलिफेनॉल किती, हे पाहण्याची रूढ चाचणी फोलिन-चिकाल्तूची. योग्य तेवढा पातळ केलेला अर्क ०.५ मिलिलिटर, दहापट पातळ केलेले फोलिन अभिकर्मक २.५ मिलिलिटर आणि काही मिनिटांनी ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट २ मिलिलिटर घालून अंधारात ठेवावे. निळा रंग येतो, तो ७६५ नॅनोमीटरवर मोजावा आणि गॅलिक आम्लाच्या प्रमाणित द्रावणांशी ताडून पाहावा. ही चाचणी सोपी आहे, म्हणून तिच्यावर अवाजवी विश्वास ठेवला जातो. ती पॉलिफेनॉल मोजत नाही, क्षपण करण्याची शक्ती मोजते. 'क' जीवनसत्त्व, काही शर्करा आणि प्रथिनेही तीच निळी छटा देतात. दोन खेपांची तुलना करण्यास ती उत्तम; बाटलीवर टक्केवारी छापण्यास अपुरी. त्यासाठी एचपीएलसीच लागते.

पाचवी पायरी : ताज्या शेंड्यांचे सुगंधी तेल

बाष्प ऊर्ध्वपातनासाठी शेंडे कापल्यापासून काही तासांत यंत्रात पडले पाहिजेत. माल दाबून भरू नये; वाफ एखाद्या बाजूने वाट काढते आणि बाकीचा माल तसाच राहतो. वाफ खालून सोडावी, दीड ते दोन तास चालू ठेवावी, आणि कंडेन्सरमधून बाहेर पडणारे पाणी हाताला थंड लागेल एवढे थंड पाणी फिरवावे. कोमट पाणी बाहेर येत असेल तर तेल वाफेबरोबर खोलीत जात आहे, असे समजावे. वासावरून ते लगेच कळतेच. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने विलगकपात्रात वर तरंगते.

उतारा फार थोडा असतो. एक किलो ताज्या मालातून १ ते ३ मिलिलिटर मिळाले तर काम चांगले झाले म्हणावे, आणि कित्येकदा त्याहूनही कमी मिळते. तेलात मायर्सीन, अल्फा-पायनीन, टर्पिनोलीन, बीटा-कॅरिओफायलीन आणि ह्युम्युलीन हे मुख्य घटक असतात; कोण किती, हे वाण आणि कापणीच्या वेळेनुसार बदलते. निर्जल सोडियम सल्फेटने पाण्याचा अंश काढून तेल गडद काचेच्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, थंड जागी ठेवावे. अर्धी भरलेली बाटली ठेवू नये. आतल्या हवेने मायर्सीन चिकट होत जाते आणि कॅरिओफायलीनचे ऑक्साइड बनते.

उकळलेला चोथा फेकू नये. तेल गेले तरी पॉलिफेनॉलचा बराच भाग त्यात शिल्लक असतो. तो लगेच वाळवून चौथ्या पायरीतील कृती त्यावर करता येते. मात्र दोन तासांच्या वाफेने टीएचसीएचा काही भाग टीएचसीत बदललेला असतो, म्हणून या चोथ्याची तपासणी नव्याने करावी. ताज्या मालाचा जुना अहवाल येथे लागू पडत नाही.

सहावी पायरी : धुळीतील मेण

कारखान्यात जी धूळ सर्वांना नकोशी असते, तिच्यात खोडाच्या त्वचेवरील मेण एकवटलेले असते : नोनाकोसेन, हेंट्रायाकोंटेन यांसारखे लांब साखळीचे हायड्रोकार्बन, मेदाम्ले, मेदअल्कोहोल, स्टेरॉल. मोठ्या प्रमाणावर हे मेण अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडने काढतात; ३१.१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार या क्रांतिक बिंदूच्या पलीकडे हा वायू द्रावकासारखा वागतो आणि दाब सोडला की मागे काहीही न ठेवता निघून जातो. ते यंत्र नवख्याच्या आवाक्यातले नाही. शिकण्यापुरते थोड्या धुळीवर ९६ टक्के इथेनॉलने काम करता येते.

प्रथम १ ग्रॅम धूळ ५५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत जाळून राख मोजावी. राख फार भरली तर ती धूळ नसून मातीच आहे आणि पुढे जाण्यात अर्थ नाही. ठीक असेल तर २० ग्रॅम धूळ व २०० मिलिलिटर इथेनॉल उभ्या कंडेन्सरखाली ७० अंश सेल्सिअसला तासभर ठेवावे, आणि द्रव गरम असतानाच, आधी तापवून ठेवलेल्या नरसाळ्यातून गाळावा. गाळणी थंड असली तर मेण कागदातच गोठते. गाळलेला द्रव फ्रिजमध्ये रात्रभर ठेवला की तळाशी पिवळसर पांढरे पापुद्रे बसतात. ते गाळून थोड्या थंडगार इथेनॉलने धुवावेत व वाळवावेत. खाली उतरलेल्या हिरवट द्रवात पानांच्या कणांतून आलेले कॅनाबिनॉइड असू शकतात, म्हणून तो आटवू नये. स्वतंत्र, नाव लिहिलेल्या बाटलीत भरून चिकट गोळ्याप्रमाणेच त्याची विल्हेवाट लावावी.

उरलेले ढीग

सणकाड्यांत सेल्युलोज, झायलन आणि लिग्निन हे तिन्ही भरपूर असतात. सौम्य अल्कलीने झायलन सोडवून, उदासीन केलेल्या द्रवात तिप्पट इथेनॉल ओतून ते साक्याच्या (तळाशी बसणाऱ्या गाळाच्या) रूपात मिळवता येते. पण लिग्निन बरोबर येते आणि साका तपकिरी, मळकट निघतो. तो शुद्ध करणे हे वेगळेच शास्त्र आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी सणकाड्या बांधकामाला किंवा जनावरांखाली अंथरायला दिलेल्या बऱ्या. बियांच्या टरफलांत कॅनाबिसिन नावाचे लिग्ननामाइड असतात आणि ती ७० टक्क्यांच्या आसपासच्या इथेनॉलला चांगला प्रतिसाद देतात. तेल आधी काढून टाकले असेल तर चौथ्या पायरीतील रीत थोड्याफार फरकाने चालते. मुळांत फ्रिडेलिन व एपिफ्रिडेलॅनॉल हे ट्रायटर्पीन गटातील घटक असल्याचे १९७१ पासून माहीत आहे, मात्र मुळे मातीसकट येतात आणि त्यांना धुण्यातच निम्मा दिवस जातो.

साठवण आणि विल्हेवाट

प्रत्येक बाटलीवर वाण, ढिगाचा क्रमांक, द्रावक, तारीख आणि तपासणी अहवालाचा क्रमांक लिहावा. पाण्यातील तपकिरी अर्क फ्रिजमध्येही फार काळ टिकत नाही, त्यावर बुरशी धरते. तो गोठवून सुकवावा किंवा त्यात २० टक्के इथेनॉल ठेवावे. त्वचेला लावण्याच्या किंवा खाण्याच्या कोणत्याही पदार्थात तो घालायचा असेल तर सूक्ष्मजीव, जड धातू, कीटकनाशके आणि एकूण टीएचसी या चार तपासण्या वेगळ्या लागतात.

अर्क काढलेल्या चोथ्यात अल्कोहोल मुरलेले असते. तो गोणीत भरून कोपऱ्यात टाकू नये. आधी हुडखाली किंवा उघड्यावर, ठिणगीपासून दूर, पातळ थरात पसरून वास जाईपर्यंत वाळवावा आणि मगच, त्याचा तपासणी अहवाल व परवान्यातील अटी परवानगी देत असतील तर, खतासाठी द्यावा. तीन-चार खेपांत वापरून मळलेले इथेनॉल मोरीत ओतू नये. झाकणाच्या धातूच्या डब्यात, ज्वालाग्राही अशी चिठ्ठी लावून, द्रावकांचा कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे सोपवावे.